आखाजीचे मांडे आणि डावा कान

आमच्या अमळनेरच्या घरात खापरावर बसायचं ते मीच, वीस वर्षं. चुलीवर मातीचं खापर पालथं घालायचं, पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर फिरवत कोपरापर्यंत ताणायचा आणि झपकन खापरावर टाकायचा, की झाला मांडा. थोरल्या जाऊबाई, म्हणजे अक्का, शेजारी बसून नावं ठेवायच्या. हा जाड झाला, तो करपला. मी मनातल्या मनात चरफडायचे.

नव्वद सालानंतर कधीतरी माझा डावा कान बिघडला. आत पिठाची गिरणी सुरू झाल्यासारखा आवाज यायचा, कान दाटायचा आणि घर गरगर फिरायला लागायचं. ओकून ओकून जीव नकोसा व्हायचा. धुळ्याच्या डॉक्टरांनी मीठ तोडलं. सात-आठ महिने झाले तरी चक्कर थांबेना, तेव्हा म्हणाले, "नागिणीवर देतात ती गोळी देऊन पाहू. तसाच एखादा विषाणू कानात दडून बसतो, असं काहींना वाटतं. खात्री देत नाही. दिवसातून पाच वेळा, तीन महिने." मी म्हटलं, द्या. हातावर हात ठेवून बसण्यापेक्षा ते बरं.

गोळ्यांचं एक वेळ चाललं असतं, पण घरातल्यांची दया मला सोसेना. पातेलं उचललं की अक्का धावत यायच्या. "तू बठ वं माय, मी करी लेसू बठ्ठं." सगळं म्हणे त्याच करून घेणार. माझी भाजी अळणी झाली, भात गिचका झाला, तरी कुणी चकार शब्द काढेना. जन्मभर माझ्या फोडणीला नाक मुरडणारी बाई "छान झालं" म्हणायची. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मी काय मेले होते?

तेवढ्यात आखाजी, म्हणजे आमची अक्षय्यतृतीया, तोंडावर आली. लेकीची लग्नानंतरची पहिली, जावई जेवायला येणार. अक्कांनी सांगून टाकलं की खापरावर त्या बसतील. चक्कर आली तर मी विस्तवात पडेन, ही त्यांची भीती काही खोटी नव्हती. पण माझ्या लेकीच्या आखाजीला मांडे दुसऱ्याच्या हातचे? म्हटलं, बघतेच.

दुसऱ्या दिवसापासून सकाळची गोळी घेतली की थंड चुलीसमोर बसायचे, पाठ भिंतीला, डोळे मिटलेले, आणि ओलं फडकं मांड्यासारखं हातांवर फिरवायचे. डोळे उघडले की घर फिरतं, हातांना मात्र आपलं काम ठाऊक असतं. शेजारीण म्हणाली, गोळ्या हिच्या डोक्यात गेल्या. म्हणू दे.

आखाजीला अक्का उठायच्या आत मी कणीक तिंबून खापरासमोर बसले होते. त्या तोंड फुगवून शेजारी बसल्या. सात मांडे सरळ झाले. आठवा कोपरापर्यंत आला आणि कानात गिरणी सुरू झाली. चूल एका बाजूला निघाली. अक्का उठल्या.

"हात लावू नका, अक्का."

पाठ भिंतीला दाबली, डोळे मिटले. खापराची धग तोंडावर येत होती. तिच्या अंदाजानं हात पुढे नेले आणि मांडा टाकला. मग गरगर ओसरेपर्यंत तशीच टेकून बसले. डोळे उघडले तर अक्कांनी मांडा काढून ठेवला होता. मधोमध बोटभर भोक. उरलेले चार मीच केले.

गोळ्यांनी कानाचं काही भलं केलं नाही. तीन महिन्यांनी त्या बंद झाल्या आणि कान पुढे गेलाच. पण मला आठवते ती त्या दिवशीची बायकांची पंगत. जावई आमरसाशी मांडे खाऊन उठले होते. भोक पडलेला मांडा अक्कांनी आपल्या ताटात घेतला, घास चावला आणि तोंड वाकडं केलं.

"कनिकमा मीठ टाकानं इसरनी का वं?"

विसरलेच होते. वर्षभर अळणी खाऊन हाताची सवय मोडली होती. आणि वर्षभरात पहिल्यांदा कुणीतरी मला नावं ठेवली होती. मला रडूच आलं.

"मग पुढच्या आखाजीला तुम्ही करा," मी म्हटलं.

"मी कसाले करू?" अक्का दुसरा घास मोडत म्हणाल्या. "तुनं काम शे ते."