पूजेनंतरचे तीन ठोके

म्हसळ्याकडच्या भातशेतीतून आलेली, आयटीआय झालेली नूतन आमच्या पनवेलजवळच्या कारखान्यात अकरा वर्षं एकच काम करत होती. कॅन्सरवर किरणं सोडणाऱ्या यंत्राची तांब्याची नळी आम्ही बनवतो. नळीत चोवीस खोल्या. रेडिओ लहरी सोडल्या की सगळ्या एका सुरात लागायला हव्यात. तो सूर कानाला नाही, आकड्यात कळतो. आकडा उतरलेल्या खोलीच्या भिंतीला बाहेरून बारीक ठोका द्यायचा. भिंत केसभर आत जाते, आकडा चढतो. एकदा आत गेलेली भिंत आमच्याकडे बाहेर काढता येत नाही. म्हणून नूतन दिवस दिवस मोजत बसायची, ठोकायची क्वचित. तिच्या हाताचा मला हेवा वाटायचा.

नळी हॉस्पिटलला निघण्याआधी नारळ फोडायची आमची पद्धत. एरवी आवारात फोडतात. त्या श्रावणात पाऊस थांबेना, म्हणून आमचे मॅनेजर अल्पेश सरांनी पूजा नूतनच्या मोजणीच्या दालनातच घातली. समई विझते म्हणून एसी बंद, दारं उघडी, आत तीस माणसं! अक्कल गहाण टाकली होती सगळ्यांनी. आरती संपताच सरांनी आकडे पाहिले. सगळे उतरलेले, समईजवळच्या तीन खोल्यांचे तर फारच.

"नूतन, ठोक."

"न्हाय सर. तांबं तापलंय, हवा पन दमट हाय. एसी लावा. थंड झाल्यावर आकडे आपसूक चढतील."

"सकाळी ट्रक येतोय. आयटीआयवाली मला शिकवणार? सुजित, तू ठोक."

सुजित म्हणजे मी. "सुजित, हात काढ!" नूतन ओरडली. तरी मी ठोकलं. तीनदा.

सकाळी ट्रक भरण्याआधी तिनं परत मोजलं. एकवीस खोल्या जागेवर, माझ्या तीन भलत्याच चढलेल्या. नळी भंगारात गेली. तिकडे पेशंट ताटकळले आणि इकडे सर मोठ्या साहेबांना सांगतात, "दालन नूतनचं, जबाबदारी तिची." संतापानं माझे कान तापले, पण तोंड उघडलं नाही. तिनंच उघडलं. "ठोकलं सुजितनं, ठोकाया लावलं सरांनी. मी न्हाय म्हनलं व्हतं."

मी चिडलो तिच्यावरच. निदान माझं नाव तरी गाळायचंस, म्हणून कॅन्टीनमध्ये चारचौघांत सुनावलं.

"का?" तिनं विचारलं. मी ताट उचलून दुसऱ्या टेबलावर जाऊन बसलो.

सरांचा केसही वाकडा झाला नाही. नूतनला पॅकिंगला टाकलं. तो हात आता खोक्यांना चिकटपट्टी लावतो. तिच्या जागी माणूस हवा होता. मला विचारलं. मी हो म्हणालो.