गोणपाटाखालची फळी

टिंबर मार्केटात माझ्या ओळखीचे एक व्यापारी आहेत. ते विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर कधीच देत नाहीत, त्याच्या शेजारच्या प्रश्नाचं देतात. घराच्या दारासाठी मी आफ्रिकन पडाक बघायला गेलो, तेव्हा त्यांनी एका फळीवरचं गोणपाट बाजूला केलं. लाकूड लालभडक होतं.

"रंग टिकतो का?" मी विचारलं.

"लाकूड टिकतं. वाळवी वाटेला जात नाही," असं म्हणून त्यांनी गोणपाट पुन्हा नीट पांघरलं.

तेव्हाच मला शंका यायला हवी होती. उजेड लागून वर्षभरात माझं दार चहाच्या चोथ्यासारखं तपकिरी झालं. तक्रार घेऊन गेलो, तर म्हणाले, "अहो, दार पडलं का?"

पडलं नव्हतं. पावसाळ्यात फुगलंही नव्हतं. त्यामुळे फळ्या लागल्या की अजूनही मी तिथेच जातो आणि आधी त्या गोणपाटाकडे बघतो. दुकान उघडण्याआधी ते त्या फळीवर गुपचूप रंधा मारत असणार, असा मला दाट संशय आहे. ती कधी जुनी दिसतच नाही.

परवा मी तिथे असताना वारज्याहून एक जोडपं आलं. गोणपाट उचललं गेलं आणि बाई हरखल्या.

"यांच्या घरी याचंच दार आहे, विचारा की," व्यापारी माझ्याकडे बघून म्हणाले.

"काका, रंग कसा राहिलाय?"

व्यापारी शांतपणे गोणपाटाची घडी घालत होते.

"पावसात अजिबात फुगत नाही," मी म्हणालो.