सागवानी ड्रॉइंग बोर्ड

“सागवानीच घ्या साहेब. उद्या ताईंच्या लग्नात रुखवतात मांडला तरी चार लोक विचारतील.”

दुकानदार हे बाबांना सांगत होता. मी दोन पावलांवर उभी होते, पण त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. बाकावर बसलेलं एक गिऱ्हाईक हसलं, “व्हय, कुरडयांच्या शेजारी!” बाबाही हसले. 

नगरच्या बाजारातलं हे फर्निचरचं दुकान. शाळा-ऑफिसांची टेबलं इथूनच जायची. त्या वर्षी जिल्हाभर दुष्काळी कामं निघाली होती. पाझर तलाव, नालाबांध आखले जात होते आणि नकाशे काढायला माणसं पुरत नव्हती. म्हणून तर एका खाजगी इंजिनिअरने मला, नुकताच सिव्हिलचा डिप्लोमा झालेल्या मुलीला, घरी बसून नकाशे काढायचं काम दिलं होतं. “महिनाभर बघू,” एवढंच ते म्हणाले होते. आजवर वापरलेला बोर्ड कॉलेजचा होता. तो तिथेच राहिला, म्हणून आज नवा घ्यायला आलो होतो.

बाबांनी सागवानी बोर्डावरून हात फिरवला. आमच्या घरी देव्हारा, पलंग, कपाट सगळं सागवानी आणि पॉलिशचं. मुलीच्या पहिल्या कामासाठी त्यांना त्याहून कमी काही द्यायचं नव्हतं.

ते दोघे पॉलिशबद्दल बोलत होते तेव्हा मी पिशवीतून टी-स्क्वेअर, आडव्या रेघा मारायची टी आकाराची लांब पट्टी, काढला आणि त्याचं डोकं बोर्डाच्या डाव्या कडेला टेकवलं. मधोमध फट होती. तिच्यातून उजेड दिसत होता. वर-खाली सरकवताना पट्टी किंचित डुलत होती. अशा कडेवर काढलेल्या समांतर रेघा समांतर राहत नाहीत. कागद लावायची ड्रॉइंग पिन टोचून पाहिली. ती शिरेना, अंगठा मात्र दुखला. स्टँडही पक्कं ठोकलेलं, माझ्या उंचीला फार वर.

कोपऱ्यात एक फिकट, बिनपॉलिशचा बोर्ड होता. पाइनचा, कडेला काळ्या लाकडाची पट्टी. त्याचं लोखंडी स्टँड स्क्रूने खाली-वर होत होतं. तिथे टी-स्क्वेअर लावला तर उजेड दिसला नाही. पिन अलगद आत गेली.

“ते खोक्याचं लाकूड हाय, ताई,” दुकानदार लांबूनच म्हणाला. “कॉलेजवाले नेतात. घरात शोभत न्हाई.”

“इंग्रजी शाळेतल्या पोरींना लाकडातलं काय कळतंय,” बाकावरचा म्हणाला. माझी शाळा बाबांनीच मघाशी कौतुकाने सांगितली होती.

उत्तर माझ्या डोक्यात तयार होतं, पण इंग्रजीत. ठाम काही बोलायचं असलं की मला त्याच भाषेत सुचायचं, आणि चारचौघांत ते बोलून बाबांना परकं करायचं नव्हतं. मराठीत शब्द जुळवायला गेले तर समोर बाबांचा चेहरा. इतके खुश ते क्वचितच दिसत. गप्प राहिले तर बोर्ड घरी येणार, सगळे कौतुक करणार, आणि महिन्याभरात काम हातचं जाणार. कडेचा दोष कोणाला दिसणार नव्हता. माझाच हात कच्चा ठरला असता.

दुकानदाराने सुतळीचा गुंडा काढला आणि सागवानी बोर्ड आडवा केला.

“बांधू दे ना गं?” बाबांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता वळले.

मी बोर्डावर हात ठेवला. 

“बाबा, हा फार सुंदर आहे. पण याची कड सरळ नाही, माझे नकाशे चुकतील. मला तो कोपऱ्यातला हवा आहे.”