ताटाखालचं गोणपाट

रजनी मॅडम गेल्याची बातमी मुख्याध्यापकांनी आणली तेव्हा मी तांदूळ निवडत होते. "मावशी, मॅडम गेल्या, यवतमाळच्या दवाखान्यात. सोमवारी शोकसभा आहे, खिचडी जरा लवकर उतरवा." दोन्ही गोष्टी एका दमात. त्या माणसाचं सगळं असंच असतं.

मी चौथी शिकलेली. केळापूर तालुक्यात जंगलाला लागून आमचं गाव आहे, तिथल्या शाळेची खिचडी मी शिजवते. मॅडम गेल्यावर सगळे म्हणू लागले, मुलांच्या फार लाडक्या होत्या. लाडक्या कसल्या... आवाज घोगरा, गाणं येत नव्हतं, हसणं कमीच. त्यांच्या वर्गात पोराला भीती वाटत नव्हती, एवढंच. ते गावात कुणाला काम वाटलं नाही. मलाही नाही.

चार वर्षांपूर्वी कापूस वेचताना एका बाईला वाघानं धरलं. तिची सात वर्षांची पोरगी शेताच्या कडेला, धुऱ्यावर बसून बघत होती. आम्ही सगळे ताटं, डबे, हाती येईल ते बडवत धावलो. वाघ पळाला, पण बाई मेली होती. महिन्याभरानं पोरगी शाळेत आली, मॅडमच्या दुसरीच्या वर्गात. तिचं नाव लिहीत नाही, गावानं ते पुष्कळ चघळलं आहे. खिचडी झाली की झाऱ्यानं ताट बडवायचं, ही माझी जुनी सवय. त्या दिवशीही बडवलं. पोरगी टेबलाखाली घुसली आणि तिथंच मुतली. पोरं हसली, मीही हसले. "नाटकं करून राह्यली पोट्टी," असंही म्हणाले. मॅडमनी तिला ओढून बाहेर काढलं नाही. फरशी स्वतः पुसली आणि हातभर लांब जमिनीवर बसून राहिल्या. सुट्टी संपली तरी बसूनच होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माझ्या चुलीपाशी आल्या. त्या बाभुळगावकडच्या, बोलायच्या आमच्यासारखंच.

"मावशी, तिची माय गेली त्या दिवशी वावरात तुमी काय वाजवलं होतं?"

"ताट," मी म्हटलं.

"अन् काल?"

मी चूल फुंकत राहिले. त्या दिवसापासून वर्गाच्या दारात जाऊन पोरांना जेवायला हाक मारू लागले. ताटं फरशीवर आपटून वाजू नयेत म्हणून मॅडमनी खाली गोणपाट अंथरलं. शाळेची घंटा म्हणजे झाडाला टांगलेला रुळाचा तुकडा, तोही गप्प झाला. पोरीची जागा दाराजवळ, पाठ भिंतीला, दार उघडं. मागून येऊन तिच्या अंगाला हात लावायचा नाही, आधी नाव घ्यायचं. पोरं हे पंधरा दिवसांत शिकली. मोठ्यांना चार वर्षांत जमलं नाही. पारावर बसून म्हणायचे, "माय हिची मेली, अन् मुकी शाळा झाली." मग तालुक्याहून एक साहेब तपासणीला आले. घंटेशिवाय शाळा कसली, म्हणून स्वतः उठले आणि लोखंडी गजानं दणादण टोले दिले. पोरगी कुंपणातून पळाली. मॅडम अनवाणी मागे धावल्या आणि नाल्यापाशी तिला गाठलं. साहेबांनी मॅडमकडेच लेखी खुलासा मागितला, वर्ग सोडून काहून गेल्या म्हणून. तो त्यांनी माझ्या चुलीपाशी बसून लिहिला आणि मला वाचून दाखवला. एकच ओळ होती. घंटा कुणी वाजवली, तेही लिहून घ्यावे.

शोकसभेला तेच साहेब आले. फोटोला हार घातला. बाहेर कोंबड्या ओरडतात म्हणून दार लावून वरची कडी घातली. साहेब अर्धा तास भयमुक्त शाळेवर बोलले, कागदात बघून. मग दोन मिनिटं शांतता पाळायची ठरली, आणि ती सुरू झाली हे कळावं म्हणून मुख्याध्यापकांनी बाहेरच्या शिपायाला खिडकीतून खूण केली. त्यानं घंटा वाजवली. मॅडमसाठी... घंटा.

पोरगी आता सहावीत आहे. ती उठून दाराकडे धावली. कडीला हात पुरेना, नखांनी दार ओरबाडू लागली. बाकी सगळे माना खाली घालून उभे. मी जाऊन कडी काढली.

"मावशी, दोन मिनिटं तरी थांबायचं," मुख्याध्यापक दबक्या आवाजात म्हणाले.

"तुमी थांबा. तुमाले जमते थांबणं."

चार दिवस पोरगी शाळेत आली नाही. मी घरी गेले तर बाप म्हणाला, "झालं तेवढं शिकणं. आता कापूस वेचन." म्हणजे त्याच वावरात. मी त्याच्याशी वाद घातला नाही. पोरीला माझ्या अंगणात आणलं. घंटेचा गज मी सभेच्या दिवशीच उचलून आणला होता. तो जमिनीत ठोकून त्याला शेळी बांधली आहे. पोरीनं गज हलवून पाहिला.

"आजी, ते परत नेतीन काय?"

"आधी शेळीले विचारा लागन त्याईले."

दुसऱ्या दिवशी ती आली आणि दाराजवळच्या जागेवर बसली. बाप अजून कुरकुरतो. कुरकुरू द्या.

मॅडमनी अंथरलेलं गोणपाट तेच आहे. चार ठिकाणी शिवलं आहे, शनिवारी मीच धुते. मुख्याध्यापक गज शोधत आहेत, मला रोज विचारतात. आता इथं लिहिलं आहे, वाचतील. मागायला यायचं असेल तर जेवायच्या वेळी यावं, आणि ताट गोणपाटावर ठेवावं. हळू.