तोंडातल्या टाचण्या

आमचे भावोजी शिंपी आणि मुळातच भित्रे. दोनदा मापून तिसऱ्यांदा टेप लावल्याशिवाय कापडाला कात्री लावायचे नाहीत. ताई त्यांच्याच दुकानात काज-बटणं करायची, मापाचे कपडे टाचायची. टाचण्या ठेवायची दोघांची जागा एकच, तोंड. गिऱ्हाईक समोर उभं असलं की ताई ओठांतली टाचणी काढून द्यायची आणि भावोजी ती आपल्या ओठांत धरायचे; उरलेल्या परत ताईच्या ओठांत. मी म्हणायचे, "एखाद दिवशी गिळाल, मग पोट शिवायला कोण येणार?"

लग्नाला आठ वर्षं झाली तरी मूल नव्हतं. सासू उठता-बसता ताईला वांझ म्हणायची. ताईच्या सगळ्या तपासण्या झाल्या, त्यांत काही निघालं नाही. भावोजी मात्र स्वतःची तपासणी आज कोट, उद्या अस्तर असं करत टाळत राहिले. शेवटी गेले तेही एकटेच.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, शुक्राणू कमी आहेत आणि सुस्तही. शिवाय रक्तात हिपॅटायटिस बी, म्हणजे यकृताला सूज आणणारा विषाणू, बहुधा लहानपणापासून मुक्कामाला. अशा जुन्या संसर्गाचा शुक्राणूंवर परिणाम होऊ शकतो, पण तुमच्या बाबतीत तेच कारण आहे असं छातीठोकपणे सांगता येणार नाही. औषधं आहेत.

"पण आधी बायकोचं रक्त तपासा. हा रक्तातून पसरतो, शरीरसंबंधातूनही."

रक्त म्हटल्यावर भावोजींच्या डोळ्यांपुढे टाचण्याच आल्या. ओठाला टोचलेल्या, रक्ताचा ठिपका लागलेल्या आणि तशाच ताईच्या तोंडात गेलेल्या. घरी ते काही बोलले नाहीत. दुकानात मात्र तिच्या तोंडातल्या टाचण्या हिसकावून घेतल्या आणि स्वतःचं अंथरूण दुसऱ्या खोलीत हलवलं. ताई रडत माझ्याकडे आली. "दुसरी कुणीतरी आहे गं."

माझं डोकंच फिरलं. तिला घेऊन तडक दुकान गाठलं. तिला दारात उभं करून मी आत घुसले.

"भावोजी, कोण आहे ती?"

ते मशीनवर डोकं टेकून हुंदके द्यायला लागले. सगळं भडाभडा सांगून टाकलं. "तिलाही झालं असेल तर? तपासलं की कळणार. कळल्यावर मी काय करू?"

"न तपासल्यानं आजार पळून जातो का?"

ताईनं दारातून सगळं ऐकलं होतं. ती एवढंच म्हणाली, "चला."

रिपोर्ट येईपर्यंत धडकी मलाही भरली होती. ताईचे डोळे पिवळे दिसतायत का, हे मी सारखी चोरून बघायचे.

ताईला संसर्ग नव्हता. आता लस घेऊन टाका, म्हणाल्या बाई. भावोजी तिथंच बाकावर बसून ओक्साबोक्शी रडले. "तुझ्यासाठी किती भ्यालो होतो गं!"

ताईनं ना त्यांचे डोळे पुसले, ना स्वतःचे.

"आणि आई मला वांझ म्हणायच्या तेव्हा?"

"तेव्हाही भीतच होतो. स्वतःसाठी."