नव्या व्हर्जनमधली कात्री

"माझी कात्री कुणी पळवली?" दत्तूकाका असे ओरडले की समोरच्या हॉटेलातला उकळता चहा जागच्या जागी गार झाला. लग्नाच्या फिल्म एडिट करणारे आमच्या गल्लीत ते एकटेच. सॉफ्टवेअरचं नवं व्हर्जन आलं आणि स्क्रीनच्या डाव्या कोपऱ्यातलं कापायचं बटण परागंदा झालं. नवरी चारच्या गाडीनं सासरी निघणार होती, आणि तिची फिल्म अजून अक्षतांपाशीच अडकलेली. काकांचा हात मात्र सारखा त्या रिकाम्या कोपऱ्याकडे धावत होता. माउसखालच्या टेबलाला खड्डा पडला म्हणा ना!

डोकं नवं शिकतं, हात कुणाचं ऐकत नाही. मिठाची बरणी हलवून महिना झाला, तरी माझी बोटं जुन्या फळीवर चाचपडतात आणि चिमूटभर हवा आमटीत टाकतात.

शेवटी कात्री उजवीकडे सापडली. काकांनी तिला हात जोडले. पावणेचारला फिल्म तयार! नवरीच्या आईनं ती उभ्या उभ्या, पळवत पाहिली.

"नवं व्हर्जन आहे, वहिनी. कसं वाटलं?" काकांनी छाती फुगवून विचारलं.

त्या म्हणाल्या, "पंगतीत आमच्या वन्सं दिसल्या नाहीत."