श्रीवर्धनला मी होते, मग कामोठ्यात कोण?

भुताखेतांचा विषय निघाला की "आधी डोळे तपासून घ्या" म्हणणारी बाई मी. त्यामुळे हे लिहिताना लाज वाटतेय... पण एकटीने विचार करून डोक्याचा भुगा झालाय.

२००९ सालची गोष्ट. मी पनवेलला, एसटी स्टँडच्या मागे राहते. नोकरी सांभाळून कथा लिहायचे. त्या वर्षी दिवाळी अंकासाठी वडिलांवर कथा लिहायला घेतली आणि तीनदा फाडली. कामोठ्याची मेधा, माझी लिहिण्यातली मैत्रीण, म्हणाली, "अगं, किती घासशील? पंधरा दिवस पेनला हात लावू नकोस. ब्रेक घेतलास की आपोआप सुचेल."

पटलं. वह्या कपाटात टाकल्या आणि श्रीवर्धनला मावशीकडे गेले. पंधरा दिवस मासे खाल्ले, दुपारी ताणून दिली. एक ओळ लिहिली नाही. परत आल्यावरही काही सुचेना, तेव्हा त्या वर्षीचा नाद सोडला.

दिवाळीत अंक हातात आला. त्यात मेधाची कथा — वडिलांवर! पहिल्या पानाला चिडले, शेवटचं पान पुन्हा पुन्हा वाचलं. कथेतले वडील आतून पाणी मागतात. मुलगी लिहीत असते. "दोन मिनिटं बाबा, एवढं पान संपवते." पान संपवून ती पाणी घेऊन जाते, तर ते गेलेले असतात.

हे माझ्या घरात घडलंय. त्या दुपारी घरात आम्ही दोघंच होतो. ते वाक्य मी आईलासुद्धा सांगितलेलं नाही, कधी कागदावरही उतरवलं नव्हतं.

रिक्षा करून थेट मेधाचं घर गाठलं. अंक तिच्यासमोर आपटला. "मला ब्रेक घ्यायला लावून तू माझे बाबा छापलेस?"

ती म्हणाली, "अगं, त्या पंधरा दिवसांत तूच रोज येऊन सांगत होतीस ना? मी लिहून घेतलं. शेवट सांगितलास तेव्हा म्हणालीस, माझ्या नावावर नको, मला लाज वाटते."

"मी श्रीवर्धनला होते, मेधा!"

तिच्या सासूबाई तिथेच मटार सोलत होत्या. मूळच्या कामोठे गावातल्या, लेखनाशी काही देणंघेणं नसलेल्या. त्या म्हणाल्या, "येत व्हतीस ना पोरी. रोज चार वाजता. चाय इचारली तरी नाय म्हनायचीस."

दोघी मिळून खोटं बोलतायत, हेच मी धरून चालले. मेधाशी संबंध तोडले. तेही सोपं नव्हतं, बारा वर्षांची मैत्री होती. पण ते वाक्य तिला कुठून मिळालं? झोपेत बडबडले म्हणावं, तर मावशीकडे ऐकायला मेधा नव्हती. तिने चोरलं असतं तर बरं झालं असतं, निदान मनसोक्त भांडता आलं असतं. खरी दगाबाज कोण, हेच कळत नाही. मी विश्रांती घेत होते आणि माझंच कुणीतरी जाऊन माझं सगळं देऊन आलं.

त्यानंतर मी कथा लिहिलेली नाही. पण त्या दिवशी मी चप्पल घालत असताना सासूबाई आणखी एक बोलल्या होत्या, ते जास्त लागलंय.

"तुजं एक बरं व्हतं पोरी. सांगता सांगता मधीच उठायचीस. मेधा म्हनायची, येवढं पान तरी होऊ दे. तू थांबायचीच नाय. म्हनायचीस, बाबांनी हाक मारली."